बुवांचे कान

आमच्या वरच्या मजल्यावरचे जनार्दनबुवा कान धुतात. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, सगळेच धुतात. सगळे आंघोळीत धुतात हो. बुवा गाणं ऐकल्यावर धुतात. खालच्या रस्त्यावरून एखादी वरात डीजे बडवत गेली, की बुवा तांब्या घेऊन गॅलरीत येतात, मान वाकडी करून आधी उजवा कान धुतात, मग डावा, आणि उरलेलं पाणी रस्त्याच्या दिशेनं भिरकावतात. मयताला जाऊन आलेला माणूस पायांवर पाणी घेतो ना, तसं.

ते पाणी रस्त्यावर जात नाही. माझ्या गॅलरीत पडतं.

पनवेलच्या खांदा कॉलनीत आम्ही नवीन आलो तो मे महिना होता. मी भल्या सकाळी उठून चीक शिजवलेला, गॅलरीत चादरीवर कुरडया घातलेल्या, आणि दुपारपर्यंत त्या छान कडक होत आलेल्या. खालून ढणढण करत वरात गेली आणि वरून फस्सकन पाणी आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच ओढणी खोचून जिना चढले आणि बेल दाबून धरली. दारात एक उंचापुरा म्हातारा. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, कपाळाला बुक्का, आणि दोन्ही कानांच्या पाळ्यांतून पाणी ठिबकतंय.

"पाणी तुम्ही टाकलंत?"

"टाकलं नाय, बाय. कान धुतले."

"कान?"

"खालून काय गेलं त्ये ऐकलं नाय तुमी? तुमीपन धुवून घ्या. पानी देऊ?" आणि खरंच तांब्या पुढे केला!

भांडायला गेलेल्या माणसापुढे असा तांब्या आला की भांडण सुचत नाही. तेवढ्यात आतून खळखळून हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ चांगुणाकाकी आल्या, बुवांच्या मंडळी. ठेंगण्या, गोल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. माझ्या हातात डबाभर तांदळाच्या पापड्या कोंबत म्हणाल्या, "त्यांचे कान काय सुदारनार नाय. तू तुजी चादर आत सरकव, बाय." तेव्हापासून माझी चादर आत सरकलेली आहे आणि आमचं दोन्ही घरांचं जाणं-येणं सुरू आहे.

बुवा मूळचे जवळच्या गव्हाण गावचे. घरची शेती, मिठागर. पुढे उरणच्या बंदरात नोकरी. पण ही झाली पोटापाण्याची गोष्ट. खरे ते भजनातले बुवा, म्हणजे पेटी घेऊन मधोमध बसणारे आणि बाकीच्या टाळकऱ्यांवर डोळे वटारणारे. शास्त्रोक्त भजन. अभंग कुठल्या रागात बसवला, पखवाज कुठे उचलला, यावर ते तासन्‌तास बोलू शकतात आणि बोलतात. मुलगा प्रकाश याने इथे फ्लॅट घेतला म्हणून बुवा कॉलनीत आले, पण गुरुवारच्या भजनाला अजून न चुकता गव्हाणला जातात.

जगातल्या सगळ्या संगीताचे त्यांनी दोन भाग केलेत. मांडीचं गाणं आणि बिनमांडीचं गाणं. "मांडी घालून ऐकलं जातं त्येच गानं. जे उभं राहून ऐकावं लागतं ती वरात. जे पडून ऐकावं लागतं त्ये आजारपन." एवढं बोलून ते विषय संपवतात. गुडघा पार झिजलाय, डॉक्टरांनी जमिनीवर बसायला सक्त मनाई केलीय, तरी चांगलं गाणं लागलं की सोफ्यावरून उतरून, आई गं आई गं करत, मांडी घालणारच. आणि मग उठवायला दोन माणसं लागतात.

गझल त्यांना चालत नाही. "प्यायलेल्या मानसाचं रडगानं." सिनेमाची गाणी? "तीन मिंटांत गानं व्हतं काय गो? तेवड्यात तर आमचा पखवाजवाला पान थुकून येत नाय." गणपतीत सोसायटीतल्या एका मुलानं रॅप म्हटलं. टाळ्या पडल्या. बुवांनी त्याला जवळ बोलावून अगदी काळजीनं विचारलं, "भांडन कोनासंगं झालं रं तुजं?" एकदा भजनात माझा फोन वाजला, तोही जुन्या सिनेमाच्या धूनवर. त्यांनी गाणं थांबवलं, डोळे मिटले, म्हणाले, "बाय, आदी कान धू." मंडळातल्या सगळ्यांसमोर! मी काय करणार, उठले आणि नळावर जाऊन खरोखर कान धुऊन आले.

आता बुवांना एकट्याला नावं ठेवायचं कारण नाही. आमच्या इमारतीत प्रत्येक मजला दुसऱ्या मजल्याच्या गाण्याला नाक मुरडतो. सगळ्यात वरचे मराठेसाहेब परदेशी सिंफनी ऐकतात आणि बुवांच्या भजनाला 'टाळकुटेपणा' म्हणतात. त्यांची सून कोरियन गाणी ऐकते आणि सासऱ्यांच्या सिंफनीला 'लिफ्टमधलं म्युझिक' म्हणते. मी जुन्या सिनेगीतांची वेडी. तिचं कोरियन मला मिक्सर फिरवल्यासारखं वाटतं. फरक एवढाच, की आम्ही मनात म्हणतो आणि बुवा पाणी ओततात.

पण त्यांचा खरा राग सिनेमावर नव्हता आणि रॅपवरही नव्हता. तो होता आपल्याच लोकांच्या हळदीच्या गाण्यांवर. पनवेल-उरणकडची हळद तुम्ही पाहिली नसेल तर सांगते, लग्न एक वेळ साधं होईल, हळद साधी होत नाही. गाव लोटतं आणि मांडव हलतो. एकदा बुवा आणि मी बाजारातून एकाच रिक्षानं परत येत होतो. रिक्षावाल्यानं हळदीचं गाणं लावलं. बुवा म्हणाले, "बंद कर." तो पोरगा हसला, "काका, तुमच्याच साइडचं गाणं आहे की!"

"म्हनूनच बंद कर. दुसऱ्याचं पोर नाकात बोट घालतंय त्ये मी बगत नाय. आपलं घालतंय त्ये बगवत नाय."

त्यानं आवाज थोडा कमी केला. बुवा पुलाच्या अलीकडेच उतरले. भर उन्हात, गुडघा धरत. मीही माझी भाजी, त्यांचा कोलीम म्हणजे बारीक सुकट, दोन पिशव्या सावरत मागे. घरी पोचले आणि पाणीसुद्धा न पिता थेट गॅलरीत, तांब्याकडे.

आणि गंमत काय, या माणसाच्या घरातच हळदीची सगळ्यात मोठी गाणारीण होती. चांगुणाकाकी. गव्हाणपासून उरणपर्यंत ज्या ज्या घरी भावकीतलं लग्न निघालं, तिथे हळदीचं पहिलं गाणं काकींचं. जात्यावर हळद दळून झाली, नवरी पाटावर बसली, की बायका म्हणणार, "चांगुणा, काड." गाण्याचा पहिला भाग तोच असायचा, पण पुढचा भाग काकी त्या त्या मुलीवर जागच्या जागी रचायच्या. तिचं नाव घ्यायच्या, सासरच्या गावाची थट्टा करायच्या, करवल्यांना टोमणे मारायच्या आणि शेवटी तिच्यासाठी असं काही गायच्या की मांडवात पदर डोळ्यांना लागायचे. मी एकदा ऐकलं होतं. मला रडू आवरलं नव्हतं.

बुवांच्या लेखी ते गाणंच नव्हतं. "बायकांची गानी ती. ना ताल, ना सूर, ना मांडी." काकी भाकरी थापता थापता गुणगुणू लागल्या की हे आतून ओरडणार, "ताल गेला!" काकी तव्यावरची भाकरी उलटत म्हणायच्या, "पोरगी सासरी चाललीय. तिला ताल कशाला? तिला धीर पायजे." पुन्हा हसायच्या आणि पुन्हा गायच्या. जन्मभर हे चाललेलं. पण बुवा कधी त्यांचं गाणं ऐकायला बसले नाहीत. हळदीला गेले तरी मांडवाबाहेर पुरुषांत खुर्ची टाकून बसायचे, पाठ करून.

गेल्या हिवाळ्यात काकींच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, देवाची कृपा. आवाज गेला. बोलतात, पण नुसता श्वास येतो. तोंडाजवळ कान नेला तरच शब्द कळतो. एवढ्या हसऱ्या बाईचं हसूसुद्धा बिनआवाजाचं झालं. खांदे हलतात, तोंड उघडतं, ऐकू काही येत नाही. मला तर बघवत नव्हतं. घर कसं मुकं झालं.

आणि नेमकं त्याच वर्षी नातीचं लग्न ठरलं. अक्षता, प्रकाशची मुलगी, आजीची शेपूट. ती एवढीशी होती तेव्हापासून काकी तिला सांगत आल्या होत्या, "तुज्या हलदीला असं गानं गाईन, की उरनपर्यंत ऐकू जाईल." नवरा मुलगा उरणचाच निघाला. पण गाणार कोण? दुसऱ्या बायका म्हणाल्या, आम्ही म्हणू. अक्षता पोरगी हट्टी, आजोबांवर गेलेली. म्हणाली, "पहिलं गाणं आजीचं. नाहीतर पहिलं गाणंच नको. डायरेक्ट डीजे लावा." आणि आत जाऊन दार लावून रडली. काकी बाहेर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांची मान काही वर झाली नाही.

मला वाटलं, डीजेचं नाव निघालं, आता बुवा घर डोक्यावर घेणार. बुवा म्हणाले, "लावा." एवढंच. मी चाटच पडले. प्रकाशनं तर त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग सुरू झाल्या त्या चमत्कारिक दुपारी. माझं ऑफिसचं काम तेव्हा घरूनच चालायचं, त्यामुळे सगळं कानावर यायचं. काकींना फिजिओसाठी की कशासाठी सून दवाखान्यात घेऊन जायची. त्या दोघींची पाठ वळली की वर खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. एवढ्या उकाड्यात! आणि त्याआधी माझ्या गॅलरीत पाणी पडायचं. मी डोकावून रस्ता बघायची. वरात नाही, डीजे नाही, चिटपाखरू नाही. मग कान कशासाठी धुतले? थोड्या वेळानं छतातून आवाज यायचा. गर्दीचा गलका, बाईचं गाणं, एका पुरुषाचं खेकसणं, की शांत. परत गलका, परत गाणं, परत खेकसणं. मला वाटलं, म्हातारा मालिका बघायला लागला. चांगलं झालं, म्हटलं, माणसात आला.

एका दुपारी बेल वाजली. दारात बुवा, हातात प्रकाशचा जुना फोन. आत येऊन सोफ्याच्या कडेला टेकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाय, तू ऑफिसात कामाला हायस, तुला कलत आसंल. ह्यातून मानसाचा आवाज काडता येतो काय? बाईचा ऱ्हाऊ द्यायचा. मानसाचा तेवडा काडायचा."

मी फोन घेतला. जुन्या लग्नाच्या कॅसेटवरून उतरवलेलं होतं, बुवांच्या पुतणीच्या हळदीचं. चित्र सगळं हललेलं. मांडव, जातं, हिरव्या चुड्यांचे हात. आणि काकींचा आवाज! अहो, काय आवाज होता. मोकळा, भरतीसारखा.

*वाट गो बाय, पिवली हलद वाट,*
*मायेराचा काठ, सुटला गो सुटला...*

गाणं आता पुढच्या भागाकडे वळणार, तेवढ्यात कॅमेऱ्याच्या अगदी जवळून कुणीतरी ओरडलं, "ए, बास झालं आता! बंद करा त्ये! मंडली आलीय, भजनाला बसायचंय!" गाणं तिथंच तुटलं. चित्र गर्रकन फिरलं आणि पेटी, पखवाज दिसायला लागले.

"अगंबाई! हा कोण मेला मध्येच बोंबलला?" मी म्हटलं.

"त्यो मेला मीच," बुवा म्हणाले.

मी जीभ चावली. ते मात्र फोनकडेच बघत होते. "तिचा आवाज ह्येवडाच ऱ्हायलाय, बाय. आदी कान धुतो आन् मग ऐकतो. दुसरा कुटंच नाय. मी लई शोदलं. भावाकडं, मेव्हन्याकडं, समद्यांच्या कॅसेटी बगितल्या. कुटं बँड वाजतोय, कुटं तिचं तोंड हाय पन आवाज नाय. ह्येवडंच हाय, आन् त्याच्यावर मी बसलोय."

आमच्या ऑफिसात एक जण आवाजाची असली कामं करतो. त्याला विचारून मी बुवांना सांगितलं, पुरुषाचा आवाज कदाचित थोडा कमी होईल, पण त्यामुळे पुढचं गाणं येणार नाही. तुम्ही ओरडलात आणि काकी थांबल्या. पुढचं तिथं नाहीच.

"मग काकींनाच विचारा ना. हळूहळू सांगतील कानात."

"कोन्च्या तोंडानं इचारू?" बुवा म्हणाले. "जनमभर गप बस म्हनलो. आता ती गप बसली, तर म्हनू गा?" आणि गुडघ्यावर हात रेटत उठून गेले.

हळद गव्हाणला, जुन्या घरासमोर. आम्ही सगळी कॉलनी गेलो. मराठेसाहेबसुद्धा आले, कानात कापूस घालून. संध्याकाळची वेळ, मांडव फुललेला, दोन्ही बाजूंना डीजेच्या पेट्यांच्या भिंती. अक्षता पाटावर बसली. शेजारी काकी, हळदीची वाटी मांडीवर घेऊन. हळद दळून झाली आणि बायका सवयीनं काकींकडे बघून एकदम ओशाळल्या. कुणी कुणाला "काढ" म्हणेना. काकी वाटीतली हळद उगाच कालवत राहिल्या. डीजेवाल्यानं मान वर करून विचारलं, लावू का?

"थांब रं जरा." बुवा बाहेरून मांडवात आले. पुरुष माणूस, बायकांच्या घोळक्यात! कुणीतरी म्हणालं, "बुवा, भजन तिकडं हाय, चुकलंव काय?" हशा पिकला. बुवा सरळ काकींसमोर आले आणि हळूहळू, आई गं आई गं करत, खाली बसले. मांडी घालून.

*वाट गो बाय, पिवली हलद वाट...*

आधी सगळ्या बायका पदर तोंडाला लावून खुदखुदल्या. बुवांचा भजनी आवाज तो, त्याला ताना घ्यायची सवय. दोन ठिकाणी उधळला, त्यांनी आवरून धरला. ताल धरायला हात मांडीवर आपटायला गेला, तोही त्यांनी दुसऱ्या हातानं दाबून धरला. खरं सांगते, वाईटच गायले. पण काकी बघत होत्या, डोळ्यांची पापणी न हलवता.

*मायेराचा काठ, सुटला गो सुटला...*

आणि बुवा थांबले. बरोब्बर तिथंच. बुवांनी मान खाली घातली.

"म्होरचं मला ठावं नाय, चांगुणा," ते म्हणाले. "म्होरं मीच तुला गाऊ दिलं नाय."

काकींनी हळदीची वाटी खाली ठेवली. पिवळ्या हातानं बुवांचा कान धरला, मास्तर धरतो तसा, आणि ओढून आपल्या तोंडाशी आणला. ओठ हलले. आम्हाला काही ऐकू आलं नाही. बुवांना आलं. त्यांनी ती ओळ मोठ्यानं गायली.

*अक्षता माजी बाय, खाडीवरनं चालली...*

पुन्हा कानाशी ओठ. पुन्हा ओळ. काकी तिथल्या तिथे रचत होत्या आणि बुवा त्यांच्यामागून गात होते. बायकांनी टिपेला साथ धरली. मग काकींचे खांदे हलायला लागले. काहीतरी शिजतंय हे मी ओळखलं. बुवांना मात्र गाऊन झाल्यावर कळलं.

*आजा तुजा बग कसा मांडी घालून बसला,*
*उभ्या जल्मात मेल्याला गाना नाय कलला!*

मांडव फुटला हसून. बुवा लाल झाले, पण कान सोडवून घेतला नाही. काकी बिनआवाजाच्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग एकदम थांबून त्यांनी अक्षताकडे पाहिलं आणि बुवांच्या कानात शेवटचं सांगितलं. बुवांना ते लगेच गाता येईना.

*रडशील तर रड गो, लाजू नको बाय,*
*आजीचा आवाज तुज्या गल्यात हाय...*

अक्षता पाटावरून उठून आजीच्या गळ्यात पडली. सगळी हळद तिघांच्याही अंगाला. मी रडले. मराठेसाहेबांनी एका कानातला कापूस काढला होता, तो डोळ्याला लावला. आणि मग डीजे सुरू झाला, असा की पोटातलं जेवण हललं. बुवा तिथंच बसून होते. म्हटलं ना, उठवायला दोन माणसं लागतात, आणि नाचणाऱ्यांतून कुणाला सवड होती?

लग्न पार पडलं, आम्ही कॉलनीत परत आलो. दुसऱ्याच दिवशी खालून दणदणत वरात निघाली. माझ्या कुरडया गॅलरीत होत्या, त्याही नेमक्या कडेला. धावत जाऊन मी चादर ओढली आणि वर बघितलं. बुवा कठड्याशी उभे. हातात तांब्या. तो त्यांनी शांतपणे तुळशीत उपडा केला.

"काय बुवा," मी खालून ओरडले, "आज कान धुवायचे नाहीत?"

त्यांनी उजव्या कानाला हात लावला. पाळी अजून पिवळीधम्मक होती.

"नको, बाय," ते म्हणाले. "हलद जाईल."